डावा बूट, पायासह

मामांची निर्दोष सुटका झाली. कोर्टाने त्यांचं कौतुक वगैरे केलं नाही, पण संशयाला काही आधार दिसत नाही असं भर कोर्टात म्हटलं आणि जप्त केलेला डावा बूट त्यांना परत देण्याचा हुकूम सोडला. बूट मिळाला. त्याचं पॉलिशसुद्धा उतरलं नव्हतं.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. मामीसमोर तर चुकूनही बोलू नका. कोणी अभिनंदन करायला आलं की ती आत जाते आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसते. तेव्हा आपण असं धरून चालू की मामा अजून त्यांच्या इस्त्रीच्या दुकानात उभे आहेत, उजव्या काखेत कुबडी आहे, डाव्या हातात इस्त्री आहे आणि डाव्या पायात बूट आहे.

उजव्या पायाचं विचारू नका. तो आधीच गेलेला. मामांना साखरेचा आजार. अंगठ्याला एक फोड आला, मामांनी फोडाकडे लक्ष दिलं नाही, मग फोडाने मामांकडे लक्ष दिलं. आधी अंगठा, मग चवडा, मग गुडघ्याखालचं सगळं. नकली पाय लावून पाहिला, पण तो बसला नाही. मामांच्या मते त्या पायालाच मामा पसंत पडले नाहीत. टाके काढताना डॉक्टर जे बोलले ते आमच्या घरात लहानथोरांना पाठ होतं. "डावा जपा. त्याला आता जाणीव उरलेली नाही, तो दुखून सांगणार नाही. अनवाणी राहायचं नाही, चावणारा बूट घालायचा नाही. एक फोड आला की हाही गेला समजा."

मामांनी तो डावा असा जपला की मामी म्हणायची, "पुढच्या जन्मी मी तुमचा पाय होईन."

दिवसभर उभ्याचं काम. इस्त्रीला हाताचं बळ लागतं असं लोकांना वाटतं, पण खरं लागतं ते अंगाचं वजन, आणि मामांचं सगळं वजन एका तळव्यावर. म्हणून बूट उत्तम लागायचा, जाड तळाचा, आतून मऊ, दर वर्षी नवा. गल्लीतल्या लोकांनी त्यावर एक विनोद करून ठेवला होता, की मामांना कोणतंही काम सांगा, ते एका पायावर तयार. हा विनोद इतक्यांनी इतक्या वेळा केला होता की एखादा "मामांना काम सांगा" एवढंच म्हणायचा आणि उरलेलं मामाच पुरं करायचे. इस्त्री न थांबवता.

आता बूट एक विकत मिळत नाही. मिळतो जोड. इथे उजवे येतात.

उजवे म्हणजे मामांचा मित्र. दोघांची गाठ पडली ती इस्पितळात, नकली पायांच्या रांगेत. त्यांचा डावा पाय कारखान्यात एका पट्ट्याने ओढून नेला होता. मुलीचा बाप मुलाचा पगार बघतो तसं दोघांनी एकमेकांच्या उरलेल्या पायाकडे पाहिलं. माप एकच निघालं. त्या दिवसापासून दर वर्षी दोघं मिळून एक जोड घ्यायचे, डावा मामांचा, उजवा उजव्यांचा. त्यांचं खरं नाव मामांना ठाऊक असेल, आम्हाला कधी गरज पडली नाही. दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता, म्हणून पावती आणि खोकं उजव्यांकडे राहायचं आणि खोक्याचं झाकण मामांकडे. झाकणात मामा गिऱ्हाइकांच्या शर्टांची तुटलेली बटणं ठेवायचे.

भांडण एकच होतं, पण ते दर वर्षी नव्या बुटाइतकंच नवं असायचं. उजव्यांचं काम बसून. एका गोदामाच्या वजनकाट्यावर ते आकडे वाचायचे. त्यांचा बूट झिजायचाच नाही.

"तुझा झिजला म्हणून मी का नवा घ्यायचा?"

"तुझा झिजत नाही हा माझा गुन्हा आहे का? चाल थोडा!"

"चालून जाऊ कुठे? सगळं जग माझ्या काट्यावरून जातंय."

शेवटी उजवे घ्यायचे. नवा बूट घरी नेऊन फळीवर ठेवायचे आणि जुनाच घालायचे. अशी त्यांच्या फळीवर नव्याकोऱ्या उजव्या बुटांची ओळ लागली होती. पाहुण्यांना ते ती कौतुकाने दाखवायचे. ही फळी लक्षात ठेवा.

मामांच्या दुकानासमोर बुटांचं दुकान आहे. जोड तिथूनच यायचा. बुटांच्या धंद्यात एक जुना शहाणपणा असतो. दाराबाहेरच्या मांडणीवर फक्त डावे बूट लावायचे, उजवे आत खोक्यात. एकटा बूट चोरून कोण काय करणार? हा शहाणपणा पिढ्यान् पिढ्या टिकला, आणि एका सकाळी दुकानदार शटर वर करायला आला तर मांडणी रिकामी. सगळे डावे गेलेले.

फौजदार साहेब हुशार म्हणून प्रसिद्ध होते, मुख्यतः स्वतःमध्ये. त्यांनी मांडणीकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "नुसते डावे बूट कोणाच्या कामाचे?" मग त्यांनीच सांगितलं, "ज्याला नुसता डावा पाय आहे त्याच्या." आणि वळून समोर पाहिलं. समोर मामा साहेबांच्याच वर्दीला इस्त्री करत होते.

साहेब साध्या कपड्यांत होते. दुकानात आले, वर्दी घेतली, पडद्यामागे जाऊन चढवली. बाहेर आले तेव्हा आवाज बदललेला होता. विजारीची घडी अशी धारदार होती की तिने कांदा चिरावा. ती मामांनी पाचच मिनिटांपूर्वी पाडली होती.

"हा बूट कुठून आणला?"

"विकत घेतला, साहेब. समोरूनच."

"एक?"

"जोड. दुसरा माझ्या मित्राकडे असतो."

"जोडीतला दुसरा बूट दुसऱ्या माणसाकडे," साहेब हवालदाराला म्हणाले. "लिही. पावती?"

"तीपण त्याच्याकडे."

"खोकं?"

"खोकं त्याच्याकडे. झाकण माझ्याकडे."

साहेबांनी झाकणाकडे पाहिलं. त्यात बटणं. "ही बटणं कोणाची?"

"लोकांची."

"आणि हे शर्ट?"

"लोकांचे. चादरी लोकांच्या. तुमची वर्दी तुमची. साहेब, या दुकानात छतापर्यंत माल भरलाय आणि त्यातलं काही म्हणजे काही माझं नाही. त्याबद्दल आजवर कोणी विचारलं नाही. माझा म्हणावा असा हा एक बूट आहे, तर तुम्ही..."

"विषय बदलू नका. समाधानकारक खुलासा देता येतो की नाही?"

"कोणाचं समाधान व्हायला हवं?"

"माझं. आणि माझं समाधान लवकर होत नाही. घरी विचारा हवं तर."

हवालदार पंचनामा लिहू लागला. साहेबांना घाई होती, आणि मामांना बूट काढायचा तर आधी बसायला लागतं, बसायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर लोकांच्या चादरी. म्हणून हवालदाराने बूट पायात असतानाच वर्णन उतरवून घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "एक काळा डावा बूट, नाडीसह, मोज्यासह, पायासह."

"पायासह काय?" साहेब म्हणाले.

"आत होता, साहेब. दिसला ते लिहिलं. नंतर म्हणायला नको, माल कमी भरला."

"असू दे. सही घे."

मामांनी सही केली. मग चादरी उचलल्या, स्टुलावर बसले, बूट काढून दिला. घरातले जुने झिजलेले डावे बूटही पोलीस घेऊन गेले, कारण तेही डावेच होते. मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "पायातली वहाण पायातच बरी म्हणतात. तुम्ही पायातनं काढून डोक्यावर घेतलीत, साहेब." साहेबांनी हे ऐकलं नाही. वर्दीत ऐकायला कमी येतं.

तिथून ते गेले उजव्यांकडे. मामांनीच पत्ता दिला, मोठ्या विश्वासाने. जाऊन बघा, सगळं कळेल म्हणाले.

सगळं कळलं. दारात कडक इस्त्रीची वर्दी आणि घरात फळीवर नव्या उजव्या बुटांची ओळ, एकाही जोडीतला डावा नाही. उजव्यांनी आयुष्यभर बसून काम केलं होतं, पण त्या क्षणी त्यांचं डोकं धावलं.

"साहेब, बरं झालं आलात! माझ्या जोड्यांमधले डावे चोरीला जातायत. दर वर्षी एक. कधीची तक्रार द्यायची म्हणतोय."

"कोणावर संशय?"

उजव्यांनी मामांचं नाव दिलं, आणि साहेब तिथूनच आले होते तरी गल्लीत कुठे वळायचं तेसुद्धा सांगितलं. संध्याकाळपर्यंत मामा कोठडीत.

मी दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर गेलो. मी एका वकिलांकडे टायपिस्ट आहे, त्यामुळे घरात माझ्याकडे न्यायव्यवस्थेचा जावई म्हणून पाहतात. उजवे खिडकीत बसून एका ट्रकचा आकडा वाचत होते.

"काका, असं कसं केलंत?"

"हे बघ बाळा, एकाला आत जावं लागणारच होतं. दोघं गेलो असतो तर बूट आणायला बाहेर कोण उरलं असतं?"

"पावती तरी द्या. पावती आहे ना?"

"होती." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "साहेब दारात, पावती खिशात. त्यावर लिहिलेलं, दोघांत मिळून एक जोड. माझं आताच केलेलं बोलणं खोटं पडलं असतं. गिळली."

"कोरडीच?"

"पाणी मागितलं. साहेबांनीच दिलं, माणूस वाईट नाही." मग खिडकीतून हात बाहेर काढून माझा खांदा थोपटत म्हणाले, "प्रकरण थंड होऊ दे. मग मी खरं काय ते सांगतो. तुझा मामा समजूतदार आहे. त्याला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. आणि बाजूला हो, ट्रक येतोय, तुझं वजन धरलं जाईल."

आमच्या वकिलांनी फी नको म्हटलं. त्यांचे शर्ट मामांकडेच जात. त्यांनी मामांना समोर बसवून कायदा समजावला.

"चोरीचा खटला असता तर मी हसत जिंकलो असतो. चोरी केली हे पोलिसांना सिद्ध करावं लागतं. हा गुन्हा वेगळा आहे. चोरीचा असावा असा संशय येणारी वस्तू जवळ बाळगणं. यात पोलिसांनी फक्त संशय आणायचा. बाकीचं सगळं आपण करायचं."

"म्हणजे मी चोरला नाही हे मी दाखवायचं?"

"नाही नाही. तुम्ही चोरलाय असं कोणी म्हणतच नाहीये. तुमचा आहे हे तुम्ही दाखवायचं."

"माझ्या पायात होता."

"तीच तर अडचण आहे."

मामांनी थोडा विचार केला. "वकीलसाहेब, तुमच्या अंगातला हा शर्ट तुमचाच कशावरून?"

वकिलांनी शर्टाकडे पाहिलं आणि वरचं बटण लावून घेतलं. मग म्हणाले, "कोर्टात असले प्रश्न विचारू नका."

जामीन मिळाला. मॅजिस्ट्रेटबाई भल्या होत्या, त्यांनी फक्त एक अट घातली. खटला संपेपर्यंत आरोपीने तत्सम वस्तू बाळगू नये.

"तत्सम म्हणजे, बाई?" वकिलांनी विचारलं.

"डावा बूट."

"पण आरोपीला डावाच पाय आहे."

"म्हणूनच. त्याला दोन पाय असते तर मी अट घातली नसती."

वकिलांनी लगेच अर्ज दिला, निदान चप्पल तरी घालू द्या. पोलिसांचं म्हणणं मागवलं गेलं. पोलिसांचं म्हणणं पडलं की चप्पल ही बुटाचीच धाकटी बहीण आहे. अर्ज फेटाळला. मग वकिलांनी, निव्वळ चिडून, विचारलं की उजवा बूट घातला तर चालेल का. बाई विचारात पडल्या. पोलिसांनीही विचार केला. शेवटी नोंद झाली की आरोपीने उजवा बूट वापरण्यास कोर्टाची हरकत नाही.

मामा घरी आले ते पायाला टॉवेल गुंडाळून. मामीने जुन्या चादरीच्या पट्ट्या काढल्या आणि पाय नीट बांधला. उभं राहून इस्त्री करता करता संध्याकाळपर्यंत पट्ट्यांची चाळण झाली. दुकानाच्या कोपऱ्यात कधीपासून पडलेली एक जाडजूड चादर होती, तिचं गिऱ्हाईक गाव सोडून गेलेलं. मामी म्हणाली, "ती फाडते." मामा म्हणाले, "लोकांची आहे."

"अहो, ते परत यायचे नाहीत."

"आले तर खुलासा काय देऊ?"

"मग दुकान बंद ठेवा. बसून राहा थोडे दिवस."

"आणि गिऱ्हाइकांनी काय चुरगळलेलं घालायचं? शिवाय बसून राहिलो तर लोक म्हणतील, बघा, चोरीच्या बुटाशिवाय ह्याचं पाऊल उचलत नाही."

मामीने डोक्याला हात लावला. मग बोटांनी त्यांच्या तळव्यावर दाबून पाहिलं, इथे दुखतं का, इथे? मामांना कुठेच दुखत नव्हतं. याचीच तिला भीती होती.

त्याच आठवड्यात उजव्यांचा निरोप आला. निरोपासोबत एक पुडकं. त्यांनी फळीवरचा एक नवा बूट पाठवला होता. उजवा. "माझ्याकडून भेट. जपून वापर."

पुडक्याकडे बघत मामा इतके हसले की कुबडी निसटली. "बघ गं, वर्षानुवर्षं त्याने हे बूट न घालता फळीवर ठेवले. मी म्हणायचो कशाला, कशाला! आता कळलं."

"घालू नका," मामी म्हणाली. "तुम्हाला माझी शपथ आहे. उलटा बूट आहे तो."

"कोर्टाने सांगितलंय."

"कोर्टाचा पाय आहे का तो?"

"अनवाणी राहू नका हेही डॉक्टरांनीच सांगितलंय. मग काय करू, एका पायावर नाचू?"

घातला. अंगठ्याच्या जागी करंगळी, करंगळीच्या जागी अंगठा, आणि दोघांचंही पटेना. मी विचारलं, "मामा, चावत नाही ना?"

"चावत असला तर गुपचूप चावतोय बाबा. मला कुठे कळतंय."

मामी रोज रात्री पाय मांडीवर घेऊन दिव्यापाशी बघायची. पुढे तर ती दुपारीही दुकानात येऊन बूट काढायला लावायची. गिऱ्हाइकं समोर, आणि ही जमिनीवर बसून नवऱ्याच्या बोटांमध्ये बघतेय. एकाने म्हटलं, "काय मामी, चोरीचं काही सापडलं का?" मामीने त्याच्या शर्टावर मुद्दाम एक चुणी ठेवली. तिच्या हातात तेवढंच होतं.

इकडे तारखा पडत होत्या. एकदा साहेब आले नाहीत. एकदा साहेब आले पण बूट आला नाही. एकदा बूट आला, तो कोणा दुसऱ्याच्याच खटल्यातला, बाईचा, उंच टाचेचा, आणि मामांना विचारलं गेलं की हा तुम्ही ओळखता का. बुटांच्या दुकानदाराची साक्ष झाली. तो अगदी खरं बोलला.

"आरोपीला ओळखता?"

"रोज बघतो. समोरच आहेत."

"त्यांना तुमच्या दुकानातून बूट नेताना पाहिलंय?"

"दर वर्षी. नेहमी एकच बूट घालून बाहेर पडतात."

कोर्टात कुजबुज झाली. आमच्या वकिलांनी उठून विचारलं, "आणि दुसरा?"

"दुसरा त्यांच्याबरोबरचा माणूस घेऊन जायचा."

"म्हणजे साथीदार होता," सरकारी वकील म्हणाले. आमचे वकील खाली बसले. उजवेही साक्षीला आले होते, फिर्यादी म्हणून. प्रकरण पुरेसं थंड झालं नाही असं त्यांचं मत पडलं. जाताना मामांच्या पायाकडे बघून म्हणाले, "छान बसलाय की!"

फोड आला तो करंगळीच्या बाजूला. मामीला सकाळी सापडला, दुपारी तिने मामांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून फोड पाहिला. मग म्हणाले, "अनवाणी चालत होता?"

"एक दिवसही नाही," मामा म्हणाले, थोड्या अभिमानाने.

डॉक्टरांनी बूट हातात घेऊन फिरवून पाहिला. "हा उजवा आहे."

"कोर्टाच्या परवानगीने."

डॉक्टरांनी लगेच दाखला लिहून दिला. रुग्णास स्वतःच्या मापाचा डावा बूट तातडीने मिळणे आवश्यक. तो दाखला मीच अर्जाला जोडून टाईप केला. मॅजिस्ट्रेटबाईंनी वाचला, त्यांना वाईट वाटलं, हे दिसत होतं. त्यांनी पोलिसांना बूट द्यायला काय हरकत आहे असं विचारलं. साहेब उभे राहिले. विजारीला घडी नव्हती. मामांनी त्यांची वर्दी घेणं बंद केलं होतं, एवढा एकच सूड त्यांनी घेतला.

"बूट तपासणीसाठी गेला आहे," साहेब म्हणाले.

"कसली तपासणी?"

"आत पायाचे ठसे कोणाचे आहेत, त्याची."

"पाय इथे आहे," आमचे वकील ओरडले. "आरोपीसोबत आणलाय!"

"तपासणी बुटाची आहे," साहेब म्हणाले. पुढची तारीख पडली.

फोडाला तारखा कळत नाहीत. करंगळी गेली. मग चवडा. मग डॉक्टरांनी मामीला बाहेर बोलावलं. ती परत आली तेव्हा मामांनी विचारलं, "कुठपर्यंत?" तिने आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले, "चला. उजव्या पायाच्या बरोबरीने आला. आता उंची सारखी होईल." मामी हसली नाही. तेवढ्यासाठी ते तिच्यावर दिवसभर रागावून होते.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा दुकानाचं विचारलं. चादरी कोणाच्या कोणाला दिल्या. बटणांचं झाकण जागेवर आहे का.

आणि मग बुटांच्या दुकानात रंगकाम निघालं. सगळी खोकी खाली काढली. एक खोकं जड लागलं. उघडलं तर आत जोड. दुसरं उघडलं, आत जोड. झालं होतं असं की मांडणी रिकामी दिसली त्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानात एक नवा नोकर लागला होता. फार व्यवस्थित. सुटे बूट बघवेनात त्याला. त्याने बाहेरचा एकेक डावा उचलून ज्याच्या त्याच्या खोक्यात उजव्याशेजारी नीट निजवला होता, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलाच नाही, कारण त्याला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली. दुकानदाराने चोरी झाली म्हणून सगळा नवा माल मागवला होता. जुन्या खोक्यांत एकटे उजवेच उरले असं धरून त्याने ती न उघडताच माळ्यावर टाकली होती.

चोरी झालीच नव्हती.

हे कळल्यावर दुकानदार मामांना भेटायला आला, हातात पुडकं. "चुकलंमाकलं माफ करा, मामा. तुमच्या मापाचा आणलाय. यंदाचा जोड माझ्याकडून." मामीने पुडकं घेतलं, दार लावलं, आणि ती आत भांडी घासायला गेली.

शेवटच्या तारखेला मी आणि वकिलांनी मामांना खुर्चीत बसवून नेलं. मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, चोरीच नाही तर संशय कसला. सुटका. राहिला बूट. तो कोणाचा?

उजवे उठले. बूट माझा आहे म्हणाले, मी फिर्यादी आहे. बाईंनी त्यांना सांगितलं, घालून दाखवा. उजव्यांनी खाली पाहिलं. डाव्या बाजूला दाखवायला काही नव्हतं. ते बसले.

"आरोपी, तुम्ही दाखवा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी मामांच्या मांडीवरच्या चादरीकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ज्याच्याकडून जप्त केला त्याला परत द्या," त्या म्हणाल्या आणि घाईने पुढचा खटला पुकारला.

बाहेर येताना उजवे खुर्चीशेजारून कुबडीवर चालत होते. "तो बूट तुला आता तसा..." ते म्हणाले. "नाही म्हणजे, ठेवून काय करणार? माझ्याकडे जोड तरी पुरा होईल."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. "खोकं तुझ्याकडेच आहे ना?"

"हो."

"मग बस त्यात."

मुद्देमालाच्या खिडकीवर तोच हवालदार होता. त्याने बूट समोर ठेवला, पंचनामा काढला आणि सहीसाठी बोट दाखवलं. माल पूर्ण मिळाला. मामांनी पंचनामा वाचायला घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग पेन परत दिलं.

"माल अपुरा आहे," ते म्हणाले.

"अहो मामा, बूट आहे, नाडी आहे, मोजा आहे."

"पुढे वाच."

हवालदाराने पुढे वाचलं. मग त्याने बुटात हात घालून पाहिला.

घरी आल्यावर मामांनी मला मशीनपाशी बसवलं आणि सांगितलं, मी बोलतो ते लिही, आपल्याकडून एक अक्षर घालू नकोस. मामी दारात उभी राहून ऐकत होती, ओले हात तसेच ठेवून. तो अर्ज असा:

"माननीय न्यायालयाच्या सेवेशी. विषय: जप्त मुद्देमाल पूर्ण परत मिळणेबाबत. महोदया, अर्जदाराकडून जप्त केलेल्या मालाचे वर्णन पंचनाम्यात 'एक काळा डावा बूट, नाडीसह, मोज्यासह, पायासह' असे असून त्यावर साहेबांची मंजुरी आहे. प्रत्यक्षात बूट, नाडी व मोजा मिळाला. पाय मिळालेला नाही. जप्तीच्या वेळी सदर पाय चालू स्थितीत होता व अर्जदार त्यावर उभा होता, याला साहेब स्वतः साक्षी आहेत. तरी सदर पाय शोधून अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावा. तो न सापडल्यास कुठे गेला याचा समाधानकारक खुलासा पोलिसांनी करावा, आणि असा खुलासा होऊन अर्जदाराचे समाधान होईपर्यंत फौजदार साहेबांनी तत्सम वस्तू बाळगू नये, ही नम्र विनंती."